'मॅकिंटॉश' म्हणजे पावसाळी कोट की दवाखान्यातले रबरी कापड?

भुईकोट

नमस्कार. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची घरी काळजी कशी घ्यावी, यासंबंधीची एक छोटी मराठी पुस्तिका आम्ही काही जण मिळून तयार करीत आहोत. ती सोलापूर शहरातल्या आणि आसपासच्या गावांतल्या कुटुंबांच्या हाती जाणार असल्यामुळे तिच्यातला प्रत्येक शब्द घरातल्या सुनेला, मुलाला किंवा मदतीला येणाऱ्या शेजारच्या काकूंना वाचताक्षणी कळावा, असा आमचा आग्रह आहे. परिचर्येचे शिक्षण घेतलेल्या एका ताईंनी मूळ टिपणे लिहून दिली असून त्यांत 'रुग्णाच्या कमरेखाली मॅकिंटॉश अंथरून त्यावर आडवी चादर घालावी' अशा अर्थाचे वाक्य वारंवार येते. दवाखान्यात वावरणाऱ्यांना हा शब्द अगदी परिचयाचा आहे आणि औषधांच्या दुकानात तो उच्चारला की तांबडे रबरी कापड मीटरवर मोजून कापून मिळते.

अडचण अशी की आमच्यापैकी एकाने इंग्रजी शब्दकोश उघडला, तेव्हा त्यात 'मॅकिंटॉश' म्हणजे पावसात घालायचा, पाणी आत न येणारा लांब कोट असा अर्थ पहिल्यांदा दिलेला आढळला. त्यामुळे दवाखान्यातला वापर ही आपल्याकडे रूढ झालेली चूक आहे, असे त्यांचे मत झाले आणि तो शब्द पुस्तिकेतून काढावा, असे ते म्हणू लागले. मला हे पटत नाही, परंतु माझ्याजवळ त्याचे उत्तरही नाही. हा शब्द मुळात कोठून आला, कोटाचा अर्थ आधीचा की कापडाचा, आणि पुस्तिकेत त्याऐवजी एखादा मराठी शब्द वापरता येईल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

शब्दमूळ

भुईकोट, दोन्ही अर्थ एकाच माणसाच्या आडनावावरून आले आहेत आणि त्यांपैकी एकालाही चूक म्हणता येणार नाही.

चार्ल्स मॅकिंटॉश यांचा जन्म 1766 मध्ये स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे झाला आणि 1843 मध्ये त्यांचे निधन झाले. व्यवसायाने ते रसायनांचे कारखानदार होते. 1823 मध्ये त्यांनी ज्या गोष्टीचे पेटंट घेतले, ती गोष्ट कोट नव्हती. ती कापड जलरोधक करण्याची एक रीत होती. दगडी कोळशाच्या डांबरापासून मिळणाऱ्या नॅफ्था नावाच्या द्रवात रबर विरघळवायचे, तो चिकट लेप एका कापडावर पसरायचा आणि त्यावर दुसरे कापड दाबून बसवायचे, म्हणजे रबराचा थर मधे बंदिस्त राहतो, बाहेरून आणि आतून स्पर्श होतो तो केवळ कापडाचा, आणि पाणी मात्र आरपार जाऊ शकत नाही. पुढे या कापडाचे कोट शिवले जाऊ लागले व लोक त्या कोटालाच थेट 'मॅकिंटॉश' म्हणू लागले. कोट या अर्थाने हा शब्द 1836 च्या सुमारास छापील इंग्रजीत आढळतो, म्हणजे ज्यांच्या नावाचा कोट लोक अंगावर घालत होते, ते गृहस्थ त्या वेळी हयात होते. विसाव्या शतकाच्या आरंभापासून त्याचे 'मॅक' असे लघुरूपही रूढ झाले.

इंग्रजीत या शब्दाच्या लेखनाविषयी एक लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे. चार्ल्स मॅकिंटॉश स्वतःच्या नावात के हे अक्षर लिहीत नसत. कोटाच्या नावात मात्र लोकांनी ते घातले आणि आज के असलेले लेखनच अधिक प्रचलित आहे. देवनागरीत हा भेद उरतच नाही. मूळ आडनाव गेलिक भाषेतले आहे. 'मॅक' म्हणजे पुत्र आणि उरलेल्या भागाचा अर्थ पुढारी किंवा प्रमुख, म्हणजे एकूण अर्थ 'प्रमुखाचा पुत्र' असा होतो. आयर्लंडच्या पंतप्रधानांना ज्या पदनामाने ओळखले जाते, ते 'टीशॉक' याच मुळातून आलेले आहे.

आपल्या मित्रांनी शब्दकोशातला पहिला अर्थ वाचून थांबू नये, एवढीच विनंती. मोठ्या इंग्रजी शब्दकोशांत रबराचा थर दिलेले जलरोधक कापड हा अर्थही याच शब्दाखाली नोंदवलेला असतो.

हातमाग

वरील प्रतिसाद उत्तम आहे. परंतु त्यात एक महत्त्वाची बाजू राहून गेली आहे आणि कापडाच्या गावात राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी ती जाणून घेतली पाहिजे, असे मला मनापासून वाटते. माझे सगळे आयुष्य सूत, रंग आणि खळ यांच्या संगतीत गेले असल्याने थोडे सविस्तर लिहितो.

मॅकिंटॉश यांच्याकडे रबर आले ते रंगाच्या धंद्यातून. त्यांचे वडील जॉर्ज मॅकिंटॉश यांचा ग्लासगोत 'कडबेअर' नावाचा जांभळट रंग तयार करण्याचा कारखाना होता. आपल्या सोलापुरी काळ्या मसाल्यात जे दगडफूल पडते, त्याच वर्गातल्या, खडकांवर वाढणाऱ्या दुसऱ्या एका दगडफुलापासून हा रंग काढीत आणि त्यासाठी अमोनियाची गरज लागे. (शब्दांची आवड असणाऱ्यांसाठी सांगतो की 'कडबेअर' हे नावही कथबर्ट गॉर्डन या माणसाने स्वतःच्या नावावरून घडवले होते, तेव्हा ज्या घराण्याचे नाव कोटाला मिळाले, त्या घराण्याचा मूळ धंदाही दुसऱ्या एका माणसाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रंगाचा होता.) त्या काळी शहरांत दिव्यांसाठी कोळशापासून गॅस काढण्याचे कारखाने नुकतेच सुरू झाले होते. बंद भांड्यात कोळसा तापवला की गॅस निघून जातो आणि मागे अमोनियायुक्त पाणी व काळे डांबर उरते. गॅसवाल्यांना हे दोन्ही टाकाऊ होते. 1819 च्या सुमारास मॅकिंटॉश यांनी ग्लासगोच्या गॅस कारखान्याकडून हा माल घेण्याचा करार केला. अमोनिया रंगासाठी उपयोगी पडला, पण डांबराचे आणि त्यापासून निघणाऱ्या नॅफ्थाचे काय करायचे, हा प्रश्न राहिला आणि त्याचे उत्तर शोधता शोधता रबराचे कापड हाती आले. आपण कपाटात साड्यांमध्ये ज्या पांढऱ्या गोळ्या ठेवतो, त्यांना मराठीत डांबरगोळ्या म्हणतात, कारण त्यांतले नॅफ्थॅलीनही कोळशाच्या डांबरातूनच मिळत आलेले आहे. जुन्या मॅकिंटॉश कोटाला असाच उग्र वास येई आणि त्याबद्दल लोकांच्या पुष्कळ तक्रारी असत.

नॅफ्थात रबर विरघळते, हा शोध मात्र मॅकिंटॉश यांच्या एकट्याच्या नावावर टाकणे योग्य होणार नाही. जेम्स साइम या एडिनबरोमधील वैद्यकीय विद्यार्थ्याने 1818 मध्येच डांबरापासून मिळणाऱ्या द्रवात रबर विरघळवून दाखवले होते. हे साइम पुढे नामांकित शल्यविशारद झाले आणि घोट्याच्या ठिकाणी पाऊल काढण्याची शस्त्रक्रिया आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. त्याही आधी 1791 मध्ये सॅम्युअल पील यांनी टर्पेंटाइनमध्ये रबर विरघळवून कापड जलरोधक करण्याचे पेटंट घेतले होते. आणि या सर्वांच्या कितीतरी आधीपासून दक्षिण अमेरिकेतले मूळ रहिवासी रबराच्या झाडाचा चीक कापडावर आणि पायांवर चढवून पाण्यापासून संरक्षण मिळवीत होते. मॅकिंटॉश यांचे खरे कर्तृत्व दोन गोष्टींत आहे, असे मी मानतो. एक तर टाकाऊ डांबरातून स्वस्त द्रावक मिळवून त्यांनी हे काम कारखान्याच्या प्रमाणावर आणले, आणि दुसरे म्हणजे चिकट थर उघडा न ठेवता दोन कापडांच्या मध्ये ठेवण्याची कल्पना त्यांनी अमलात आणली.

तरीही सुरुवातीच्या मालात दोष पुष्कळ होते. शिंप्याने सुई घातली की प्रत्येक टाक्याच्या छिद्रातून पाणी झिरपे, म्हणून शेवटी कारखान्यालाच कपडे शिवून शिवणीवर लेप देण्याचे काम हाती घ्यावे लागले. लोकरीच्या कापडात जी नैसर्गिक स्निग्धता असते, तिच्यामुळे रबराचा थर खराब होई. घाम बाहेर जायला वाट नसे. सर्वांत मोठा दोष तापमानाचा होता, कारण प्रक्रिया न केलेले रबर थंडीत ताठ होऊन तडकते आणि उष्णतेत मऊ होऊन चिकटते. सोलापुरात मे महिन्यात पारा चाळिसाच्या बराच वर जातो, तेव्हा त्या काळचा तो कोट इथे एक उन्हाळाही टिकला नसता.

हा दोष गेला तो रबरात गंधक मिसळून ते तापवण्याच्या रीतीमुळे. अमेरिकेत चार्ल्स गुडइयर यांनी आणि इंग्लंडमध्ये थॉमस हॅनकॉक यांनी तिची पेटंटे 1844 च्या आसपास मिळवली. हॅनकॉक हे मॅकिंटॉश यांच्या मँचेस्टर येथील कंपनीत भागीदार होते आणि त्यांनी 1843 च्या नोव्हेंबरात पेटंटासाठी पहिला अर्ज केला. मॅकिंटॉश त्याच वर्षी जुलैमध्ये वारले होते. आपल्या नावाचे कापड उन्हात न वितळणारे झाले, हे पाहण्याचे भाग्य त्यांना लाभले नाही, याची मला हे वाचताना नेहमी हळहळ वाटते.

आणखी एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. 1799 मध्ये चार्ल्स टेनंट यांनी ज्या कोरड्या विरंजक चूर्णाचे पेटंट घेतले, त्या उद्योगातही मॅकिंटॉश भागीदार होते. कापड पांढरे करण्यासाठी आणि पाणी निर्जंतुक करण्यासाठी वापरली जाणारी ब्लीचिंग पावडर ती हीच. ग्रामपंचायतीत तिला टीसीएल म्हणतात. आपल्या गिरण्यांच्या आणि विहिरींच्या जगाशी या माणसाचा संबंध कोटापेक्षा या पावडरीमुळे अधिक जवळचा आहे.

निवृत्त सिस्टर

मी सोलापुरातच रुग्णसेवेत होते. दवाखान्यातला वापर चुकीचा आहे, हे म्हणणे वाचून लिहिल्यावाचून राहवले नाही.

परिचर्येच्या शिक्षणात पहिल्या वर्षापासून हा शब्द येतो. बिछाना कसा करावा, अंग पुसून कसे द्यावे, जखमेची मलमपट्टी करताना खाली काय अंथरावे, या प्रत्येक कामाच्या सामानाच्या यादीत मॅकिंटॉश आणि टॉवेल ही जोडी असतेच. वॉर्डातल्या मावशींना इंग्रजी येत नसले, तरी 'मॅकिंटॉश आणा' म्हटले की त्या बरोबर तेच आणतात. जो शब्द डॉक्टरांपासून मावशींपर्यंत सगळ्यांना एकाच अर्थाने कळतो, तो चुकीचा कसा असेल? शब्दमूळ आणि हातमाग यांनी जे लिहिले आहे, त्यावरून तर मॅकिंटॉश यांनी कापडच तयार केले होते, मग आम्ही कापडालाच त्यांचे नाव देतो यात गैर काय आहे? कोट हा त्या कापडाचा एक उपयोग झाला आणि रुग्णाची गादी ओली होऊ न देणे हा दुसरा.

परंतु भुईकोट, आपल्या पुस्तिकेसाठी मला शब्दापेक्षा त्या वापराची अधिक काळजी वाटते. हातमागदादांनी लिहिले आहे की त्या कोटातून घाम बाहेर जात नसे. नेमका हाच धोका रुग्णाच्या अंथरुणातही असतो आणि घरच्या लोकांना तो कोणी सांगत नाही. रबरी कापड कधीही उघड्या त्वचेला लागू देऊ नये. त्यावर सुती आडवी चादर पूर्ण झाकेल अशी घालावी आणि तिच्या दोन्ही कडा गादीखाली ताणून खोचाव्यात. कापडाला किंवा चादरीला चुणी राहिली, तर तेवढ्याच जागी दाब येतो, त्वचा घामाने ओली राहते आणि पाठीला, माकडहाडापाशी जखम होण्यास सुरुवात होते. ही जखम एकदा झाली की भरून यायला फार काळ लागतो. रुग्ण वृद्ध असेल, अंगावर मांस कमी असेल किंवा मधुमेह असेल, तर दर दोन तासांनी कूस बदलून देणे आणि प्रत्येक वेळी चादर कोरडी आहे का हे हाताने तपासणे आवश्यक आहे.

कापडाची निगाही राखावी लागते. साबणाच्या पाण्याने दोन्ही बाजू पुसून, स्वच्छ पाण्याने धुऊन ते सावलीत वाळवावे, कारण आपल्याकडच्या उन्हात रबर लवकर कडक होऊन त्याला भेगा पडतात. वाळल्यावर थोडी टाल्कम पावडर लावून गुंडाळी करून ठेवावे. घडी घातली तर घडीच्या रेघेवरच ते फाटते. अंगाला तेल लावायचे असेल, तेव्हा ते कापडावर सांडू देऊ नये, कारण तेलाने रबर फुगते आणि चिकट होते. भेग पडलेले कापड टाकून द्यावे, कारण भेगेत साचलेली घाण धुऊन निघत नाही.

भुईकोट

सिस्टर, आपले मनापासून आभार. चुणीविषयीचा आणि घडीविषयीचा मजकूर आमच्या टिपणांत नव्हता; तो आपल्या परवानगीने पुस्तिकेत घेतो. हातमागअण्णा, आपण जे लिहिले ते आमच्या मित्रांना वाचून दाखवले आणि वापर चुकीचा असल्याचा त्यांचा आक्षेप मावळला आहे.

आता मराठी शब्दाचा प्रश्न तेवढा राहतो. आमच्यातल्या काहींचे म्हणणे 'मेणकापड' लिहावे असे आहे, तर काहींना 'जलरोधक आच्छादन' हा शब्द शास्त्रीय वाटतो. शिवाय एका तरुण सहकाऱ्याने विचारले आहे की संगणकाच्या मॅकिंटॉशचा या माणसाशी काही संबंध आहे का.

माळरान

संगणकाचे आधी सांगतो, कारण त्याचे उत्तर लहान आहे. 1984 मध्ये आलेल्या त्या संगणकाचे नाव कोटावरून आलेले नाही. कॅनडातील ऑन्टारियो प्रांतात जॉन मॅकिंटॉश नावाच्या शेतकऱ्याला एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सफरचंदाची एक जात सापडली होती. संगणकाच्या प्रकल्पाला जेफ रास्किन यांनी आपल्या आवडत्या त्या सफरचंदाचे नाव दिले. आडनाव एकाच मुळाचे आहे, पण माणसे वेगळी.

'मेणकापड' हा शब्द मात्र मला फार प्रिय आहे आणि त्याच्या बाजूने मी आग्रहाने बोलणार आहे. 'मेण' हा शब्द संस्कृत 'मदन' या मेणवाचक शब्दापासून प्राकृत 'मयण' या रूपातून मराठीत आलेला आहे, म्हणजे तो आपल्या भाषेच्या अगदी जुन्या ठेव्यातला आहे. कापडाला मेण चोळून त्यावरून पाणी ओघळून जाईल असे करण्याची रीत रबर येण्यापूर्वीची असल्यामुळे तो शब्दही तयारच होता आणि पुढे रबर, रेक्झिन, प्लास्टिक असे जे जे आले, त्याला लोकांनी तेच नाव दिले. आपल्या शहरात उर्दू बोलणाऱ्या घरांत याच वस्तूला 'मोमजामा' म्हणतात. फारसीत 'मोम' म्हणजे मेण आणि 'जामा' म्हणजे वस्त्र, तेव्हा दोन्ही भाषांनी एकाच प्रकारे, कापडाला काय लावले आहे हे पाहून नाव ठेवले. इंग्रजीने ते कोणी केले हे पाहून ठेवले. आपल्याकडे व्यक्तीचे नाव वस्तूला लागते, तेव्हाही वस्तूचा शब्द सहसा सुटत नाही. आपण 'गांधी टोपी' म्हणतो, नुसते 'गांधी' डोक्यावर घालत नाही.

पावसाच्या वस्त्रांविषयी बोलायचे, तर सोलापूरचा पाऊस कोकणासारखा नाही. बांबूच्या सांगाड्यात पाने बसवून केलेले इरले तिकडे भातलावणीत वाकून काम करताना पाठीवर लागते. आपल्याकडे पाऊस कमी, त्यातला पुष्कळसा सप्टेंबरात, उत्तरा आणि हस्त नक्षत्रांत पडणारा, आणि त्याच्यावरच रब्बीची ज्वारी उभी राहते. इथल्या मेंढपाळाने आणि शेतकऱ्याने घोंगडीची खोळ केली, म्हणजे घोंगडीचे एक टोक दुसऱ्यात दुमडून ती डोक्यावरून पाठीवर सोडली. देशी मेंढीच्या जाडसर लोकरीत स्निग्धता असते, ताण्याला चिंचोक्यांची खळ दिलेली असते आणि वीण दाट असते, त्यामुळे सर पडली तरी बराच वेळ पाणी आत पोचत नाही आणि घोंगडी भिजल्यावरही अंगाला ऊब राहते. घोंगडी नसली, तर पोत्याचा एक कोपरा दुसऱ्या कोपऱ्यात खोचून त्याचीही खोळ होते. हातमागदादांनी सांगितले की लोकरीच्या स्निग्धतेने मॅकिंटॉश यांचे रबर खराब होई. ते वाचून मला विशेष वाटले, कारण आपल्या धनगरांच्या घोंगडीत तोच गुण पाण्याला बाहेर ठेवण्याच्या कामी आलेला आहे.

'ताडपत्री' हाही विचार करण्याजोगा शब्द आहे. हिंदीतले 'तिरपाल' हे इंग्रजी 'टारपॉलिन'चेच रूप आहे, आणि त्यातले 'टार' म्हणजे डांबर. मराठीने तो शब्द घेताना आपल्या ओळखीच्या ताडाच्या पानाशी त्याचा सांधा जुळवला, असे माझे मत आहे.

'जलरोधक आच्छादन' हे कृपया लिहू नका. शासकीय निविदेत ते शोभेल, पण रुग्णाच्या उशाशी बसलेल्या माउलीने ते वाचून दुकानात काय मागायचे?

शब्दमूळ

माळरान यांच्याशी मी जवळजवळ पूर्ण सहमत आहे. केवळ एका ठिकाणी थोडा वेगळा विचार मांडतो. 'मेणकापड' म्हटल्यावर आज अनेकांच्या डोळ्यांपुढे जेवणाच्या टेबलावरचे फुलाफुलांचे पातळ प्लास्टिक येते. ते घरी आणून रुग्णाखाली घातले, तर ते घसरेल, त्याला चुण्या पडतील आणि सिस्टरांनी सांगितलेला धोका वाढेल. त्यामुळे दुकानात मागण्याचा शब्द आणि घरात समजण्याचा शब्द हे दोन्ही पुस्तिकेत असावेत, असे माझे मत आहे. पहिल्या उल्लेखाच्या वेळी 'रबरी मेणकापड, ज्याला दवाखान्यात मॅकिंटॉश म्हणतात' असे सविस्तर लिहावे आणि पुढे सर्वत्र 'रबरी मेणकापड' ठेवावे.

निवृत्त सिस्टर

शब्दमूळ यांची सूचना योग्य आहे. त्यात एवढीच भर घालावी की दुकानातून आणताना कापड रुग्णाच्या खांद्यापासून गुडघ्यापर्यंत पोचेल इतके लांब आणि गादीच्या दोन्ही बाजूंना खाली खोचता येईल इतके रुंद घ्यावे. पुष्कळ लोक पैसे वाचवण्यासाठी लहान तुकडा घेतात, तो रात्रीत गोळा होतो आणि सकाळी गादी आणि पाठ दोन्ही ओली सापडतात.

भुईकोट

सर्वांचे आभार. पुस्तिकेतले वाक्य आता असे केले आहे: 'रुग्णाच्या खांद्यापासून गुडघ्यापर्यंत रबरी मेणकापड, ज्याला दवाखान्यात मॅकिंटॉश म्हणतात, एकही चुणी न ठेवता अंथरावे, ते पूर्ण झाकेल अशी सुती आडवी चादर त्यावर घालावी आणि दोन्ही कडा गादीखाली घट्ट खोचाव्यात.' सिस्टर, निगा राखण्याचा मजकूर स्वतंत्र चौकटीत घेत आहे. छपाईपूर्वी ते पान आपण एकदा नजरेखालून घालावे, ही विनंती.